काल एमआरआय केला, आज दुखतंय

सकाळचे साडेसात. मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीला पहाटेपासूनच जाग असते. रात्रीच्या गाडीनं कर्नाटकातून आलेली माणसं फाइल छातीशी धरून पायऱ्यांवर बसलेली असतात. मी एमआरआय टेक्निशियन. सेंटर उघडलं की पहिली चौकशी चुंबकाची. "मशीन सकाळी चालू करता का हो?" असं बरेच जण विचारतात. चुंबक बंद होतच नाही. आतला द्रवरूप हेलियम उणे 269 अंशांवर असतो, त्यात बुडालेल्या तारांमधून वीज रात्रंदिवस फिरत राहते. आमचं मशीन 1.5 टेस्लाचं आहे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. हेलियमची पातळी, खोलीचं तापमान, ऑक्सिजनचा मीटर बघायचा, एक चाचणी स्कॅन घ्यायचा, चादरी बदलायच्या, कानातले बोळे मोजून ठेवायचे. दारावरचे मामा तोवर खिसे तपासायच्या तयारीत उभे. 2018 साली मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. तेव्हापासून मामांना कुणी "लई कडक हाय हो तुम्ही" म्हटलं तरी ते ढिम्म हलत नाहीत.

आज यादीत पेल्व्हिसचे, म्हणजे ओटीपोटाचे स्कॅन जास्त आहेत. गुडघ्याचा पेशंट स्कॅन झाला की चप्पल घालतो आणि जातो. ओटीपोटाच्या पेशंटचं तसं नसतं. तो दुखणं घेऊनच आलेला असतो. त्याच दुखऱ्या जागेवर चित्र टिपणारी कॉइल बांधून, हलायचं नाही या अटीवर, कडक टेबलावर अर्धा-पाऊण तास उताणा पडतो. मग एसटीत बसून खड्ड्यांतून घरी जातो. दुसऱ्या दिवशी सेंटरचा फोन वाजतो: "काल एमआरआय केला, आज दुखतंय. काय करू?" रिसेप्शनवरची मुलगी ते फोन माझ्याकडे देते. नेमणुकीच्या कागदावर हे काम कुठंच नाही. पण दिवसातलं महत्त्वाचं काम मला तेच वाटतं.

सव्वाआठ. जयसिंगपूरचे निवृत्त मास्तर, प्रोस्टेटसाठी आलेले. आतडी सारखी हलत असतात आणि त्यामुळं चित्र पुसट येतं, म्हणून आमच्याकडं बऱ्याच पेल्व्हिस स्कॅनच्या आधी बस्कोपॅनचं इंजेक्शन देतात. आतड्यांची हालचाल थोडा वेळ थांबते. त्याबरोबर तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते, जवळचं वाचताना अक्षरं पसरतात आणि लघवी अडू शकते. फॉर्मवर 'काचबिंदू आहे का?' असा प्रश्न छापलाय. मास्तरांनी 'नाही' लिहिलं होतं. मी नेहमीसारखं तोंडी विचारलं, "मास्तर, डोळ्यात रोज थेंब घालता का?"

"घालतो की. रात्री एक, सकाळी एक. डोळ्याचं प्रेशर आहे म्हणे."

काचबिंदूच्या एका प्रकारात हे इंजेक्शन डोळ्यातला दाब एकदम वाढवू शकतं. मास्तरांचा प्रकार कोणता, हे सांगणारा कागद जवळ नव्हता. शिवाय लघवीची धार आधीच बारीक. डॉक्टरांनी इंजेक्शन रद्द केलं, चित्र थोडं कमी स्वच्छ आलं तरी चालेल म्हणाले. स्कॅन झाल्यावर मास्तरांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी बाथरूमला जाऊन आल्याचं खुणेनं सांगितलं, तेव्हा मी रिक्षा बोलवायला हरकत नाही म्हटलं. या वयाच्या पुरुषांना लघवी झाल्याशिवाय मी घरी सोडत नाही. इंजेक्शन दिलेलं असो वा नसो. रात्री गावात कॅथेटर घालायला कोण भेटणार?

दहा. आजचा लांबलचक स्कॅन. इचलकरंजीच्या बाई, पस्तिशीच्या आसपासच्या, शिलाईच्या कारखान्यात कामाला. एंडोमेट्रिओसिसची शंका. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे पेशींचे तुकडे बाहेर कुठंतरी रुजतात, बीजकोशावर, आतड्यावर, मूत्राशयावर. ते पाळीबरोबर सुजतात आणि हळूहळू आतले अवयव एकमेकांना चिकटवून टाकतात. साध्या सोनोग्राफीत हे सगळं दिसेलच असं नाही. त्यामुळं या बायकांच्या फाइलीत पहिले दोन-तीन रिपोर्ट 'नॉर्मल' असतात आणि घरात 'नॉर्मल' या शब्दाचा अर्थ 'नाटक' असा लावला जातो.

चार तास उपाशी, मूत्राशय अर्धं भरलेलं, जोडवी साबण लावून काढलेली. या स्कॅनसाठी आमच्याकडं योनीमार्गात थोडं जेल भरतात, म्हणजे भिंती वेगळ्या दिसतात. ते काम लेडी डॉक्टर करतात, विचारून, दार लावून. सिस्टरांनी हाताला सुई लावली. मी गुडघ्यांखाली जाड उशी दिली. कमरेची कमान टेबलावर टेकली की निम्मी कळ तिथंच कमी होते. दोन्ही मांड्यांच्या मध्ये पॅड, हातांची बोटं एकमेकांत गुंतवायची नाहीत. कातडीला कातडी लागून वेटोळं तयार झालं तर त्यातून करंट फिरतो आणि भाजू शकतं. हे सांगितलं की लोक घाबरतात, पण न सांगितलं तर नकळत हात पोटावर घेतात. हातात रबरी बल्ब दिला. "हा दाबला की मी थांबवते. दाबला म्हणून इथं कुणी रागवत नाही."

त्यांनी घरून निघताना घोटभर पाण्याबरोबर दुखण्याची गोळी घेतली होती, त्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं. हे मी सगळ्यांना सुचवते. उपाशी राहा म्हटलं की लोक नेहमीची गोळीही सोडतात, मग विसाव्या मिनिटाला दुखणं डोकं वर काढतं, माणूस हलतो, चित्र बिघडतं, तोच भाग पुन्हा घ्यावा लागतो आणि टेबलावरचा वेळ वाढतो. कोणती गोळी चालेल ते आपल्या डॉक्टरांना विचारावं, आमच्या रिसेप्शनला नाही.

आतला आवाज म्हणजे मशीनच्या ग्रेडियंट कॉइलमधला करंट फटाफट दिशा बदलतो, त्या धक्क्यानं ती कॉइल थरथरते, त्याचा. मधल्या पाच-दहा सेकंदांच्या शांततेत मी माइकवरून बोलत राहते. "ताई, हे चार मिनिटांचं आहे. झालं की पायाची बोटं हलवा. कंबर नको." किती वेळ राहिला हे कळत असलं की माणूस दुखणं जास्त सोसतो, असं माझं मत आहे, पुस्तकातलं नव्हे. शेवटी काँट्रास्ट. गॅडोलिनियमचं औषध वजनावर ठरतं. आमच्याकडच्या औषधाचे साठ किलोच्या माणसाला बारा मिलिलिटर. हातातून गार काहीतरी चढल्यासारखं होतं, कुणाला तोंडात लोखंडासारखी चव येते, कुणाला क्षणभर मळमळतं. आधी सांगून ठेवलं तर त्या चवीला कुणी घाबरत नाही.

स्कॅन संपला की खरी काळजीची वेळ येते. पाऊण तास उताणं पडलेलं, उपाशी, बस्कोपॅन दिलेलं शरीर ताडकन उठलं तर भोवळ येते. आधी कुशीवर, मग कोपरावर भार देऊन बसायचं, पाय खाली सोडून दोन मिनिटं तसंच, मग उभं राहायचं. बाई उठल्या आणि ओटीपोट धरून पुन्हा वाकल्या. डोळ्यांत पाणी. बाहेर नवरा म्हणाला, "मॅडम, मशीननं काय दुखतंय व्हय? फोटोच तर काढलाय."

त्याचा प्रश्न खोटा नव्हता, अर्धाच होता. चुंबक दुखवत नाही. क्ष-किरणही यात नाहीत. पण दुखऱ्या ओटीपोटाचा माणूस भीतीनं आणि कळेनं पोटाचे, मांड्यांचे, आतल्या तळाचे स्नायू पाऊण तास आवळून धरतो. एरवी कळ आली की आपण कूस बदलतो, पाय पोटाशी घेतो. इथं तेवढीही सोय नाही. चिकटलेल्या अवयवांवर ताण येतो, पट्ट्याचा दाब येतो, माकडहाड टेबलावर टोचतं, त्यात जेल भरताना झालेला त्रास. एवढं सगळं झाल्यावर दुखलं नाही तरच नवल. मी त्याला म्हटलं, "दादा, फोटो काढताना त्यांना जे करावं लागलं ते तुम्ही घरी टेबलावर पडून करून बघा. आज त्यांना सेकंड शिफ्टला पाठवू नका." तो काही बोलला नाही, पण फोन काढून सुपरवायझरला लावला.

बाईंना घरी काय करायचं ते सांगितलं. जेल संध्याकाळपर्यंत थोडं थोडं बाहेर येईल, त्याला घाबरू नका, पॅड वापरा. कोमट पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पोटावर किंवा कमरेवर घ्या, थोड्या थोड्या वेळानं. गुडघे वाकवून कुशीवर निजा, मधे उशी. पाणी प्या, आता उपास संपला. मग मुद्द्याचा प्रश्न: "घरी कोणती गोळी घेता?"

"मेफ्टाल स्पास."

याचसाठी विचारलं होतं. त्या गोळीत दुखण्याच्या औषधाबरोबर डायसायक्लोमाइन असतं, आणि ते बस्कोपॅनच्याच चालीचं औषध. एकावर एक पडलं की तोंड आणखी सुकतं, छाती आणखी धडधडते, लघवी आणखी अडते. मग माणूस म्हणतो, एमआरआयनं असं केलं. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आजच्या दिवसासाठी साधी पॅरासिटामॉल लिहून दिली आणि नेहमीची गोळी रात्री, लघवी नीट झाल्यावर. आपल्याकडं पाळीच्या दुखण्याची ही गोळी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय येते, त्यामुळं तिला कुणी औषध मानतच नाही आणि फॉर्मवर लिहीतही नाही.

पावणेबारा. जतचा तरुण ड्रायव्हर, भगंदर. यांना उताणं निजणं म्हणजे शिक्षा. स्कॅन वीस-पंचवीस मिनिटांचा, पण प्रत्येक मिनिट त्या जागेवरच. फोम लावून टेकू दिला, तेवढ्यावर भागलं. घरी कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, हे त्याला सर्जननं सांगितलेलंच होतं. मी एवढंच म्हटलं की आज ट्रक नाही आणि एसटीत मागच्या सीटवर तर नाहीच. आणि पू आला, ताप आला तर रिपोर्टची वाट न बघता सर्जनकडं. "रिपोर्टशिवाय सर बघतील का?" ताप आलेल्या माणसाला सर बघतात.

दीड वाजता डबा. जेवताना रिसेप्शनवरच्या मुलीनं व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज दाखवला, एमआरआयनंतर अंगातलं 'रेडिएशन' उतरवायला काय काय खावं. उतरवायला आधी चढावं लागतं. मी भाकरी खाल्ली आणि पुन्हा कन्सोलवर.

अडीच. अथणीकडच्या आज्जी, बरोबर नात. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, किरणोपचार झालेले, आता कितपत उतरलाय ते बघायचं. या भागात काम करायचं तर चार कानडी शब्द यावेच लागतात. "अल्लाडबेडरी," हलू नका, हा माझा सगळ्यांत जास्त वापरलेला शब्द. नातीनं बाकीचं समजावलं. क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहिला तर वाढलेला. या आजारात गाठ मूत्रवाहिन्यांवर दाब देते आणि मूत्रपिंडं थकतात. गॅडोलिनियम बाहेर पडायचं ते लघवीवाटे, चोवीस तासांत नव्वद टक्क्यांहून जास्त, पण मूत्रपिंडं धड असतील तर. ती फार बिघडलेली असताना काही जुन्या काँट्रास्टमुळं कातडी आणि आतल्या ऊती दगडासारख्या घट्ट होण्याचा आजार होऊ शकतो, हे 2006 मध्ये लक्षात आलं. आताची औषधं पुष्कळ सुरक्षित आहेत, युरोपात जुन्यांपैकी काहींवर 2017 मध्ये बंधनंही आली. तरी डॉक्टरांनी विचार केला आणि काँट्रास्टशिवायच घ्यायचं ठरवलं. पेशींच्या दाटीत पाण्याचे कण किती अडकतात ते दाखवणारे सीक्वेन्स असतात, त्यांवर बरंच कळतं. नातीला वाटलं, पैसे कमी पडले म्हणून सुई टाळली. तिला कागद दाखवून आकडा समजावला.

आज्जींचं दुखणं वेगळं होतं. किरणोपचारानंतर कातडी नाजूक, आत कोरडेपणा, लघवीला जळजळ. पट्टा सैल बांधला, खाली दोन चादरी जास्त. स्कॅन झाल्यावर आज्जी उठून बसल्या आणि पदर सावरत नातीला कानडीत काही म्हणाल्या. नात हसली. "मशीन माझ्या सासूसारखं ओरडतंय म्हणते."

चार वाजता फोन सुरू होतात. दुपारची झोप झाली की माणसाला शरीराचा हिशेब सुचतो बहुतेक.

पहिला, कालचा पेशंट: सुई लावली तिथं हिरवंनिळं झालंय, टेंगूळ आलंय. सुई काढल्यावर कापूस तीन मिनिटं दाबून धरायचा असतो, लोक तो चोळतात नाहीतर हात वाकवून चालू लागतात. पहिल्या दिवशी बर्फ कापडात गुंडाळून, हात उशीवर उंच, दुसऱ्या दिवसापासून कोमट शेक. निळा डाग आठवड्याभरात पिवळा होऊन जातो. पण टेंगूळ वाढतंय, बोटं बधिर होताहेत, फोड आलाय किंवा लाल रेघ वर चढतेय, तर हात दाखवायला यायचं, फोनवर नाही.

दुसरा, बाळंतीण: बाळाला अंगावर पाजू का? सासूबाईंनी चोवीस तास बंदी घातलीय. काँट्रास्टमधलं आईच्या दुधात येतं ते 0.04 टक्क्यांहून कमी, आणि त्यातलंही बाळाच्या आतड्यातून जेमतेम शोषलं जातं. पाजणं थांबवायची गरज नाही, असंच रेडिओलॉजीतल्या मोठ्या संस्था सांगतात. आमच्या डॉक्टरांनी सासूबाईंशी स्वतः बोलून ते सांगितलं, कारण माझ्या शब्दावर त्या थांबणार नव्हत्या. दूध भरून गाठी झाल्या की त्याचं दुखणं वेगळंच लागतं.

तिसरा: कानात शिट्टी वाजतेय. बोळे नीट बसले नसतील. बहुधा काही तासांत जाते, उद्यापर्यंत राहिली तर कानाच्या डॉक्टरांकडं. चौथा: शुगरची मेटफॉर्मिन बंद ठेवू का? हा गोंधळ सीटी स्कॅनच्या काँट्रास्टवरून आलाय. मूत्रपिंडं ठीक असतील तर एमआरआयच्या काँट्रास्टसाठी ती थांबवावी लागत नाही. पाचवीला अंगावर पित्त उठलंय. हे कधी लगेच, कधी काही तासांनीही येतं. श्वास, ओठ, जीभ, चेहरा यांबद्दल विचारलं. काही नाही म्हणाली, तरी फोन चालू ठेवून तिच्या गावातल्या डॉक्टरकडं पाठवलं. आणि नाव लिहून घेतलं. पुढच्या वेळी तिच्या फाइलीवर काँट्रास्टच्या या त्रासाची ठळक नोंद असायला हवी, नाहीतर दुसऱ्या सेंटरला कळणार कसं?

काही उत्तरं ठरलेली आहेत आणि त्यांत मी घासाघीस करत नाही. श्वास लागतोय, घसा आवळतोय, चेहरा सुजतोय, चक्कर येऊन पडायला होतंय: 108 ला फोन. डोळा लाल होऊन ठणकतोय आणि दिसायला कमी झालंय: आत्ताच डोळ्यांचे डॉक्टर, सकाळी नाही. सहा-आठ तास लघवी नाही आणि पोट तट्ट फुगलंय: दवाखाना. कातडीवर भाजल्यासारखा चट्टा किंवा फोड: इकडं या, आणि आधी मलम लावू नका. बाकी थकवा, अंगदुखी, डोकेदुखी, थोडी मळमळ हे दिवसभरात उतरतं. ओटीपोटाचं दुखणं नेहमीच्या पातळीला यायला एक-दोन दिवस लागू शकतात. त्यानंतरही चढतच राहिलं तर ते स्कॅनपेक्षा मूळ आजारामुळं असण्याची शक्यता जास्त. स्कॅनला दोष देत घरी बसून चालणार नाही.

सहा. शेवटचे दोन स्कॅन गुडघा आणि मान, पटकन उरकले. दिवसभरातले पेल्व्हिस डॉक्टरांच्या खोलीत स्क्रीनवर. इचलकरंजीच्या बाईंच्या चित्रात गर्भाशयाच्या मागं, आतड्याला ओढून धरणारी काळी दाट पट्टी दिसतेय. डॉक्टर मोजमाप घेताहेत. रिपोर्ट उद्या त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जाईल. बाईंनी फोन करून विचारलं, "काही निघालं का?" मला सांगायची परवानगी नाही, आणि नसावीच. मी विचारलं, लघवी झाली का, तोंड अजून सुकतंय का, झोपलात का. नवऱ्यानं आज भाकरी केली म्हणे, जाड झाली होती.

साडेसात. खोली पुसली, कॉइल खुंटीवर, दार कुलुपात. माझीही कंबर दिवसभर पेशंट सरकवून धरलेली असते, रिक्षात बसताना ती सांगते.

पेल्व्हिसचा एमआरआय ठरला असेल तर माझं एवढं ऐका. डोळ्यातले थेंब, पाळीच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, मूत्रपिंडाचा त्रास, आधी कशानं पित्त उठलं होतं, सगळं तोंडानं सांगा, फॉर्मवर जागा नसली तरी. बरोबर कुणालातरी आणा, स्वतः गाडी चालवत परत जाऊ नका. निघताना सेंटरचा असा फोन नंबर मागून घ्या, जो संध्याकाळी उचलला जातो. तुम्ही बरोबर जाणारे असाल तर 'मशीननं काय होतंय' हे वाक्य घरीच ठेवून या. आणि काँट्रास्ट दिल्यावर लगेच जिन्याकडं धावू नका, अर्धा तास बसा. बाकं त्यासाठीच ठेवली आहेत.